लायब्ररीत आपल्या भाषेचं पुस्तक आणतं कोण? (अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनांविषयी)

पिंपळपान

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज रविवार मिळालाय म्हणून बसलेच. मी नाशिकला कॉलेजच्या ग्रंथालयात होते, लग्नानंतर इकडे न्यू जर्सीत आले आणि गेली सहा वर्षं एका पब्लिक लायब्ररीत अर्धवेळ काम करतेय.

मागच्या महिन्यात एक आजी आल्या, साताऱ्याकडच्या, लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने आलेल्या. काउंटरवर येऊन हळूच म्हणाल्या, "बाई, इथं मराठी काही वाचाया मिळंल का?" पुढं म्हणाल्या चटण्या-कोशिंबिरींचं एखादं पुस्तक असलं तरी चालंल, लेकीला करून घालता येईल. माझी सहकारी कॅटलॉगमध्ये शोधत होती, तिने आपण जसं व्हॉट्सॅपवर लिहितो तसं सी-एच लावून चटणी टाइप केलं, काहीच नाही. तिने सॉरी म्हणून टाकलं आणि आजी जायला निघाल्या. मी मागून धावत गेले, कारण मला माहीत होतं की आमच्याकडे अकरा मराठी पुस्तकं आहेत आणि त्यात एक पाककृतींचं आहे.

मग ते सापडलं का नाही? तर अमेरिकेतल्या लायब्रऱ्या देवनागरी नावं रोमन अक्षरांत लिहिताना एक ठरलेला तक्ता वापरतात. त्यात च साठी नुसतं सी आहे, सी-एच म्हणजे छ. म्हणजे चटणी शोधायची तर सी-ए-टी-ए-एन-आय असं लिहायचं! कोणती मराठी आजी असं लिहील? तक्ता चुकीचा नाहीये, संस्कृतच्या अभ्यासकांना तो नीट कळतो, पण ज्यांच्यासाठी पुस्तक आणलं त्यांना ते कधीच सापडणार नाही आणि दोन वर्षांनी कोणी नेलं नाही म्हणून ते काढून टाकतील. खूप वाईट वाटलं मला त्या दिवशी. आता मी त्या अकराही नोंदींना मूळ देवनागरी नावाची ओळ जोडून घेतलीय, तशी सोय सिस्टीममध्ये आधीपासून होतीच, फक्त ते करायला ती लिपी वाचता येणारं माणूस तिथे हवं ना.

हे मला सुचलं कसं ते सांगते. आमच्या भागात एक चिनी वंशाच्या सीनियर ग्रंथपाल आहेत, त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडेही हाच त्रास होता. चिनी नावं रोमन अक्षरांत जुन्या वेड-जाइल्स पद्धतीने लिहिलेली असायची आणि चीनहून आलेला माणूस पिनयिन या नव्या पद्धतीने शोधायचा, सापडायचंच नाही. शेवटी लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, १ ऑक्टोबर २००० पासून पिनयिन स्वीकारलं. मग त्या म्हणाल्या, "तुमची संघटना कुठली?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी या संघटनांविषयी जमेल तसं वाचतेय. पाच मुख्य आहेत. कृष्णवर्णीय ग्रंथपालांची ब्लॅक कॉकस १९७० ची, स्पॅनिश भाषिकांसाठीची रिफॉर्मा १९७१ ची, चिनी-अमेरिकन ग्रंथपालांची १९७३ ची (ती आधी फक्त मिडवेस्टपुरती, म्हणजे मधल्या राज्यांपुरती होती, १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातली संघटना त्यात मिळाली), अमेरिकन इंडियन म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची १९७९ ची, आणि आशियाई-पॅसिफिक लोकांची अपाला १९८० ची, ज्यात आपण भारतीयही येतो. सगळ्या मोठ्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनशी, म्हणजे एएलएशी, जोडलेल्या आहेत पण त्यांचा कारभार त्यांचा त्यांचा.

सगळ्यात आवडली ती पुरा बेलप्रे यांची गोष्ट. पोर्तो रिकोहून बहिणीच्या लग्नासाठी आलेली मुलगी, १९२१ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या हार्लेममधल्या १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत कामाला लागली. तिथल्या पहिल्या पोर्तो रिकन ग्रंथपाल त्याच. कपाटात लोककथांची पुस्तकं बघितली तर आजीने सांगितलेली एकही गोष्ट नाही. मार्टिना नावाचं झुरळ आणि पेरेझ नावाचा उंदीर यांच्या लग्नाची गोष्ट, आपल्याकडे चिऊ-काऊची असते तशी तिथल्या प्रत्येक घरात माहीत असलेली. मग त्या तोंडी सांगू लागल्या, बाहुल्या करून खेळ करू लागल्या, १९३२ मध्ये ती गोष्ट पुस्तक होऊन आली. थ्री किंग्ज डे हा त्यांच्याकडचा सण लायब्ररीत सुरू केला, आणि ज्या आया कधी लायब्ररीची पायरी चढल्या नव्हत्या त्या पोरांना घेऊन आल्या. १९९६ पासून रिफॉर्मा आणि एएलएचा बालविभाग मिळून त्यांच्या नावाने लॅटिनो बालसाहित्याला पुरस्कार देतात. आता पुरस्काराचा ठप्पा असला की देशभरातल्या लायब्रऱ्या ते पुस्तक घेतातच, मग प्रकाशक पुढचं छापायला तयार होतो. एका बाईने कपाटात बघितलेली रिकामी जागा कुठपर्यंत गेली बघा.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की पुस्तक आपोआप कपाटात येत नाही, खरेदीची यादी ठरते त्या मीटिंगमध्ये त्या भाषेचं माणूस बसलेलं लागतं, आणि ते एकटं असेल तर दमतं म्हणून त्याच्यामागे संघटना लागते. तुमचे अनुभव लिहा.

ग्रंथवेडी

ताई किती छान लिहिलंय! मी पुण्यात एम.लिब. करतेय. चटणीचं वाचून अंगावर काटा आला, आम्हाला कॅटलॉगिंगला तो तक्ता आहे पण कोणी असं सांगितलं नव्हतं की यामुळे माणूस परत जातो म्हणून. एक विचारायचं होतं, या संघटना नवीन लोकांना शिक्षणासाठी मदत करतात का? आणि ब्लॅक कॉकस पहिली का झाली? त्याविषयी अजून लिहा ना.

पिंपळपान

@ग्रंथवेडी, लिहिते, जरा मोठं होईल.

दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या लोकांना पब्लिक लायब्ररीत येऊच द्यायचे नाहीत. १६ जुलै १९६० ला साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलमध्ये आठ विद्यार्थी लायब्ररीत जाऊन शांतपणे वाचत बसले, त्यांना अटक झाली, त्यातला एक जेसी जॅक्सन, जो पुढे नागरी हक्कांचा मोठा नेता झाला. पुढच्या वर्षी २७ मार्चला मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात टूगालू कॉलेजच्या नऊ जणांनी तेच केलं. वाचायला बसले म्हणून अटक, विचार करा.

आणि ग्रंथपालांचं काय, तर ई. जे. जोसी हे जॉर्जियात कॉलेजचे ग्रंथपाल होते, पण जॉर्जियाच्या ग्रंथालय संघटनेने त्यांना वर्णामुळे सभासद करून घेतलं नव्हतं. १९६४ च्या एएलए अधिवेशनात, सेंट लुइसला, मिसिसिपीच्या संघटनेचा सन्मान होतोय हे ऐकून जोसी उठले आणि त्यांनी ठराव मांडला की ज्या राज्य संघटना काळ्या ग्रंथपालांना घेत नाहीत त्यांच्या कार्यक्रमांना एएलएच्या पदाधिकाऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी अधिकृतपणे जायचं नाही. ठराव पास झाला. पुढच्याच वर्षी जॉर्जियाच्या संघटनेने त्यांना घेतलं, पहिले काळे सभासद म्हणून. १९७० मध्ये त्यांनीच पुढाकार घेऊन कॉकस स्थापन केली आणि १९८४ मध्ये तेच जोसी एएलएचे अध्यक्ष झाले. वीस वर्षांत एवढा प्रवास. मला हे वाचताना आपल्याकडची चवदार तळ्याची आठवण येत राहिली, पाणी असो की पुस्तक, सार्वजनिक म्हणायचं आणि काहींना हात लावू द्यायचा नाही.

मदतीचं म्हणशील तर एएलएची स्पेक्ट्रम शिष्यवृत्ती १९९७ मध्ये सुरू झाली, खास या समाजांतल्या मुलामुलींनी ग्रंथालयशास्त्र शिकावं म्हणून, शिवाय प्रत्येक संघटनेच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या असतात. रिफॉर्माचे संस्थापक आर्नुल्फो ट्रेहो मूळचे मेक्सिकोचे, त्यांनी तर अ‍ॅरिझोना विद्यापीठात स्पॅनिश भाषिक ग्रंथपाल घडवायचा अभ्यासक्रमच चालवला. गरज अजून आहेच, २०१७ च्या पाहणीत एएलएचे सुमारे ८७ टक्के सभासद गोरे होते.

सदाशिव_अण्णा

लेख चांगला आहे. मी तालुक्याच्या गावी 'ब' वर्ग (हा अनुदानासाठीचा सरकारी दर्जा) वाचनालयाचा तीस वर्षं चिटणीस होतो म्हणून थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ग्रंथपाल सगळे एकच. ह्याची वेगळी संघटना त्याची वेगळी संघटना असं करत गेलं की फूट पडते असा माझा अनुभव आहे. आमच्याकडे अनुदान वाढवून घ्यायचं तर सगळे एकत्र आले तेव्हाच सरकार हललं. १९६७ चा ग्रंथालय कायदा आपल्या राज्यात झाला तोही सगळ्यांनी मिळून रेटा लावला म्हणून. तेव्हा वेगळी चूल मांडण्याआधी विचार व्हावा.

पिंपळपान

अण्णा, राग कसला, तुम्ही तीस वर्षं केलंत ते मी सहा वर्षांत बघितलंही नाही. पण मला असं दिसतं की इथे वेगळी चूल हौसेने कोणी मांडलेली नाही, जोसींना आधी घरातच घेत नव्हते. आणि नंतरही या पाचही जणी एएलएच्या आत राहूनच बोलतात, बाहेर पडल्या नाहीत. शिवाय २००६ मध्ये डॅलसला पाचही संघटनांनी मिळून पहिली संयुक्त परिषद घेतली, मग २०१२ ला कॅन्सस सिटी, २०१८ ला अल्बुकर्की. अपाला आणि अमेरिकन इंडियन संघटना मिळून तर टॉक स्टोरी नावाचा उपक्रम चालवतात २०१० पासून, लायब्रऱ्यांना छोटी अनुदानं देतात आणि त्यातून घरातली मोठी माणसं पोरांना आपल्या गोष्टी सांगतात. म्हणजे स्वतःचं घर झाल्यावर शेजारधर्मही त्यांनी सांभाळलाय. अनुदानासाठी एकत्र यायलाच हवं हे तुमचं शंभर टक्के पटतं, पण कोणत्या भाषेची पुस्तकं घ्यायची हा प्रश्न आला की बहुमताने फक्त बहुमताचीच पुस्तकं येतात ना अण्णा.

ह्युस्टनवासी

पिंपळपान, एकदम जिव्हाळ्याचा विषय. आमच्याकडे टेक्सासमध्ये रिफॉर्मावाल्यांचं काम डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहितो.

३० एप्रिलला मेक्सिकोत बालदिन असतो. कवयित्री पॅट मोरा यांना १९९६ मध्ये सुचलं की त्याला पुस्तकांची जोड द्यावी, रिफॉर्माने ते उचललं आणि आता देशभर लायब्रऱ्यांत एप्रिलअखेर हा मुलांचा आणि पुस्तकांचा दिवस होतो. माझ्या मुलीला ती चार वर्षांची असताना मी नेलं होतं, मुलांना सांगत होते की तुमच्या घरात जी भाषा बोलतात त्यात एक शब्द सांगा आणि मोठ्या कागदावर लिहा. तिने पोळी सांगितलं, आणि मला म्हणाली बाबा तुम्ही लिहा मला येत नाही. मी तिथे गुडघ्यावर बसून स्पॅनिश, व्हिएतनामी, अरबी शब्दांच्या मधोमध पोळी लिहिलं. घरी येऊन बायकोला म्हटलं हिला बाराखडी शिकवायची, उद्यापासूनच. मंडळाची मराठी शाळा आम्ही त्याआधी दोन वेळा चुकवली होती, त्या आठवड्यात नाव घातलं.

दुसरी गोष्ट २०१४ ची. मध्य अमेरिकेतून हजारो मुलं एकटी, आईबापाशिवाय सीमेवर येत होती आणि त्यांना सेंटरमध्ये ठेवत होते. रिफॉर्माने तेव्हा स्पॅनिश पुस्तकं गोळा करून त्या मुलांपर्यंत पोचवायला घेतली, दप्तरात पुस्तक, वही, रंगखडू असं देत. राजकारण काहीही असू दे, अनोळखी देशात बंद खोलीत असलेल्या आठ वर्षांच्या पोराच्या हातात त्याच्या भाषेचं पुस्तक दिलं हे मला फार मोठं वाटतं.

अजून एक, मेक्सिकोत ग्वादालाहाराला दरवर्षी नोव्हेंबरअखेर प्रचंड पुस्तक मेळा भरतो. इथल्या ग्रंथपालांना तिकडे जाऊन स्वतः बघून स्पॅनिश पुस्तकं घ्यायला मिळावीत म्हणून एएलए आणि मेळ्याचे लोक मिळून हॉटेल वगैरेचा खर्च उचलतात. आपल्या साहित्य संमेलनाच्या पुस्तक प्रदर्शनात असं कोणी बाहेरच्या लायब्ररीचं माणूस येऊन ऑर्डर देऊन गेलंय का कधी? प्रकाशकांनी हे मनावर घ्यायला हवं.

ग्रंथवेडी

@ह्युस्टनवासी दादा, पोळीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं खरंच.

तापीकाठ

धागा वाचून राहवलं नाही. मी मेळघाटात धारणी तालुक्यात जि.प. शाळेवर शिक्षक आहे, घरी मराठी, शाळेतली पोरं घरी कोरकू बोलतात. शाळेच्या वाचन कोपऱ्यात पुस्तकं आहेत, चांगली आहेत, पण मराठी. पहिलीतलं पोर पुस्तक उघडतं, चित्र बघतं, बंद करतं. मागच्या पावसाळ्यात मी स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवरून कोरकूतल्या दोन गोष्टी प्रिंट काढून आणल्या, काळ्या-पांढऱ्या, स्टेपल मारलेल्या. एक मुलगी वर्षभर माझ्याशी हो-नाहीच्या पुढे बोलली नव्हती, मी ती गोष्ट वर्गात मोठ्याने वाचत असताना तिने मधेच उठून मला थांबवलं, तुम्ही हा शब्द चुकीचा म्हणता सर, असा म्हणतात. पूर्ण वर्गासमोर! त्या दिवसापासून ती बोलते.

तिकडच्या मूळ रहिवाशांच्या संघटनेविषयी जास्त लिहाल का ताई? कारण तुम्ही मराठी पुस्तक अमेरिकेत मिळत नाही म्हणता तसंच इथे महाराष्ट्रात कोरकूचं, गोंडीचं, भिलीचं आहे. इथे आपण बहुमतवाले आहोत.

पिंपळपान

@तापीकाठ सर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. हे माझ्या मनात आलंच नव्हतं आणि तुम्ही अगदी बरोबर बोललात, मी माझ्या भाषेचं दुःख सांगत बसले आणि नाशिकला असताना आमच्या कॉलेजात पेठ-सुरगाण्याची कितीतरी मुलं होती, त्यांच्या बोलीतलं एकही पुस्तक मी कधी शोधलं नाही.

त्या संघटनेचं सांगते. १९७८ मध्ये डेन्व्हरला आदिवासी भागांतल्या ग्रंथालयसेवेवर एक मोठी बैठक झाली आणि पुढच्या वर्षी संघटना उभी राहिली. लॉटसी पॅटरसन या कोमांची ग्रंथपालांचं त्यात मोठं काम. जमातींच्या स्वतःच्या लायब्रऱ्या उभ्या करणं, तिथल्याच माणसांना शिकवून तिथे बसवणं यावर त्यांचा भर. लोरीन रॉय या अनिशिनाबे समाजातल्या ग्रंथपालांनी १९९९ मध्ये या मुलांसाठी वाचन क्लब सुरू केले आणि २००७ मध्ये त्या एएलएच्या अध्यक्ष झाल्या. २००६ पासून ही संघटना दर दोन वर्षांनी बालकुमार साहित्याचा पुरस्कार देते, आणि त्यात बघतात काय, तर त्या समाजाचं चित्र त्यांच्या आतून आलंय का. कारण शंभर वर्षं त्यांच्याविषयी दुसऱ्यांनीच लिहिलं, पिसं आणि धनुष्यबाण एवढंच.

वर्गीकरणाचाही प्रश्न आहे, मला तो फार लागला. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युईच्या पद्धतीत २२० ते २८० एवढी जागा ख्रिस्ती धर्माला आणि बाकी सगळ्या जगाचे धर्म २९० मध्ये कोंबलेले. आणि मूळ रहिवाशांच्या श्रद्धेच्या कथा बहुतेक वेळा ३९८.२ मध्ये, म्हणजे परीकथांच्या शेजारी. एखाद्या मुलाने आपल्या देवाची गोष्ट शोधावी आणि ती सिंड्रेलाच्या बाजूला मिळावी, काय वाटेल? विषयशीर्षकांचंही तसंच. डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये मागणी केली की कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांसाठी कॅटलॉगमध्ये 'बेकायदा परके' असं जे शीर्षक आहे ते बदला. २०१६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने बदलायचं ठरवलं, संसदेतून विरोध झाला, ग्रंथपालांच्या संघटना मागे लागून राहिल्या आणि शेवटी २०२१ मध्ये ते शीर्षक गेलं. सात वर्षं लागली दोन शब्दांना.

तुमच्याकडे कोरकू बोलणारी शिकलेली मुलं असतील ना दहावी-बारावी झालेली? त्यांना गावातल्या वाचनालयात बसवता आलं तर?

सदाशिव_अण्णा

तापीकाठ सरांचं लिखाण वाचून मी माझं वरचं मत थोडं बदलतो. आमच्या वाचनालयात पारधी वस्तीवरची मुलं येत नाहीत अशी तक्रार आम्ही वर्षानुवर्षं करत आलो, पण त्यांच्यातला एक जण कार्यकारिणीवर घ्यावा हे कधी सुचलं नाही. 'ड' वर्गाच्या ग्रंथपालाला जे मानधन मिळतं त्यात कोण टिकणार हा प्रश्न वेगळा, तो आहेच. पण कार्यकारिणीला पैसे लागत नाहीत. पुढच्या वार्षिक सभेत मी विषय मांडतो, मी अजून सल्लागार आहे.

तापीकाठ

अण्णा, मनापासून धन्यवाद. ताई, आहे एक मुलगा, बारावी झालाय, आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करतो. त्याला कुठे छापायच्या ते माहीत नाही.

ग्रंथवेडी

सर त्या रेकॉर्डिंग जपून ठेवा प्लीज, मूळ फाइल डिलीट करू नका आणि प्रत्येकीवर कोणी सांगितली, कुठल्या गावची, तारीख एवढं बोलून घ्या सुरुवातीलाच, नंतर कोणाला आठवत नाही. आमच्या वर्गातले दोघंतिघं मिळून लिहून काढायला आणि नोंदी करायला मदत करू, माझा प्रोजेक्ट अजून ठरलेला नाहीये, मी सरांना विचारते हाच घेऊ का. कोरकू आम्हाला येत नाही म्हणून तो मुलगा सोबत हवाच, नाव पहिलं त्याच्या आजीचं आणि त्याचं.

ह्युस्टनवासी

पिंपळपान, त्या साताऱ्याच्या आजींना पुस्तक मिळालं का शेवटी ते राहिलंच.

पिंपळपान

मिळालं हो! दुसऱ्या आठवड्यात परत आल्या, पुस्तकात घोसाळ्याच्या चटणीत शेंगदाण्याचं कूट सांगितलंय ते त्यांना पसंत नव्हतं, त्यांच्याकडे तीळ घालतात म्हणे. मी त्यांना म्हटलं आमच्या लायब्ररीत दर शनिवारी साडेदहाला मुलांना गोष्ट सांगतात, तुम्ही मराठीत सांगाल का एकदा. आधी नाही म्हणाल्या, मग लेकीशी बोलून हो म्हणाल्या. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे. मी नुसती शेजारी बसून एकेक वाक्य इंग्रजीत सांगणार. न्यू जर्सीत जे असतील त्यांनी पोरांना घेऊन या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तर पत्ता कळवते.